वॉर्डातल्या ऑक्सिजनचा हिशेब: नव्याने ड्यूटीवर आलेल्यांसाठी

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नव्याने रुजू झालात की पहिल्या आठवड्यात तुम्हाला औषधांचा स्टॉक, क्रॅश कार्ट, डिस्चार्जचे कागद सगळे दाखवतात. ऑक्सिजन मात्र भिंतीतूनच येतो, म्हणून तो वेगळा शिकवायचे कोणाच्या डोक्यात येत नाही. नॉब फिरवला, बाटलीत बुडबुडे आले की काम झाले असे धरून आपण पुढच्या बेडकडे वळतो. खरे तर ऑक्सिजन हे औषध आहे. त्याला डोस आहे, तो द्यायची साधने ठरलेली आहेत, कमी पडला तर धोका आहे आणि जास्त झाला तरीही आहे. शिवाय हे औषध सगळ्या वॉर्डांना एकाच साठ्यातून जाते. एका बेडजवळ वाया गेलेले दुसऱ्या बेडला मिळत नाही.

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत हे आपण सगळ्यांनी पाहिले. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीपाशी गळती झाली, वॉर्डातला दाब उतरला आणि किमान २२ रुग्ण दगावले. करोनाच्या त्याच लाटेत नंदुरबारला केवळ ऑक्सिजनवर लक्ष ठेवण्यासाठी ‘ऑक्सिजन परिचारिका’ नेमल्या गेल्या. बेडोबेडी फिरायचे, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) बघायचे, गरजेपेक्षा जास्त फ्लो (मिनिटाला जाणारे लिटर) असेल तर डॉक्टरांना सांगून कमी करायचा, एवढेच त्यांचे काम होते. त्यातून ऑक्सिजनची बचत झाली आणि ही पद्धत देशभर चर्चेत आली. पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारने ऑक्सिजन व्यवस्थापनाचे राष्ट्रीय प्रशिक्षणही सुरू केले. तुमच्या रुग्णालयात असे वेगळे पद असो वा नसो, खालचे काम कोणीतरी करायलाच हवे. ते कसे करायचे ते क्रमाने सांगते.

हाताशी काय हवे

उपकरणे फार लागत नाहीत. बोटाला लावायचा चालू स्थितीतला पल्स ऑक्सिमीटर आणि त्याचे जादा सेल, सिलिंडरची चावी आणि स्पॅनर, योग्य मापाचे वॉशर, टॉर्च, कॅल्क्युलेटर. गळती शोधण्यासाठी ऑक्सिजनच्या लाइनला चालणारे तेलविरहित द्रावण बायोमेडिकल इंजिनिअरकडून मागून घ्या.

नोंदींसाठी चार गोष्टी लागतात:
- प्रत्येक पेशंटच्या चार्टवर ऑक्सिजनचा रकाना (साधन, फ्लो, सॅच्युरेशन, वेळ)
- मॅनिफोल्ड (एकत्र जोडलेल्या सिलिंडरच्या रांगा) किंवा टाकीच्या दाबाचे रजिस्टर
- सिलिंडरची आवक-जावक वही, चलनाच्या प्रतींसह
- भिंतीवर लावलेली फोन नंबरांची यादी: गॅसचा पुरवठादार, बायोमेडिकल इंजिनिअर, इलेक्ट्रिशियन, वैद्यकीय अधीक्षक, जवळचे मोठे रुग्णालय

ही यादी बऱ्याच ठिकाणी असते, पण त्यावरचे नंबर जुने असतात. पहिल्याच दिवशी प्रत्येक नंबर लावून बघा.

१. ऑक्सिजन येतो कुठून ते चालत जाऊन बघा

खुर्चीत बसून हे समजत नाही. दिवसपाळीला अर्धा तास काढा, ऑक्सिजन सांभाळणाऱ्या टेक्निशियनला किंवा मामांना बरोबर घ्या आणि साठ्यापासून बेडपर्यंतची लाइन पायी बघून या.

साठा तीनपैकी एका प्रकारचा असतो, किंवा तिन्ही एकत्र असतात. पहिला म्हणजे मॅनिफोल्ड, जम्बो (मोठ्या) सिलिंडरच्या दोन रांगा. एक रांग चालू असते, दुसरी राखीव. चालू रांग उतरली की दुसरी लागते. काही ठिकाणी हा बदल आपोआप होतो, काही ठिकाणी हाताने करावा लागतो. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे हे विचारूनच परत या. दुसरा प्रकार द्रवरूप ऑक्सिजनची टाकी. द्रव उणे १८३ अंशांना उकळतो आणि एक लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो. टाकीशेजारच्या व्हेपोरायझरच्या (द्रवाचा वायू करणाऱ्या यंत्राच्या) पंख्यांवर बर्फाचा थर असतोच, त्याला घाबरू नका. पण तो फार जाड झाला किंवा पुढच्या पाइपवरही बर्फ दिसू लागला तर लगेच कळवा. तिसरा प्रकार पीएसए प्लांट, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा. त्याची शुद्धता साधारण ९३ टक्के असते, तीन टक्के इकडे-तिकडे. प्लांट सुरू केल्यावर शुद्धता चढायला वेळ लागतो, म्हणून मीटर ९० च्या वर स्थिरावेपर्यंत तो वायू लाइनला सोडत नाहीत. आणि वीज गेली की प्लांट थांबतो. तेव्हा जनरेटरवर तो चालतो का आणि मधल्या वेळेत कोणता साठा लागतो, हेही विचारा.

वॉर्डाच्या दाराशी एक छोटी काचेची पेटी असते, आत झोन व्हॉल्व्ह आणि दाबाचा काटा. लाइनचा दाब साधारण ४ बार असायला हवा. ही पेटी नक्की कुठे आहे, तिच्यापुढे कपाट किंवा स्ट्रेचर लावलेले नाही ना, आणि तो व्हॉल्व्ह बंद केला तर कोणते बेड बंद पडतात, हे पाठ असू द्या.

२. सिलिंडरचा काटा लिटरमध्ये वाचा

काट्यावर दाब असतो, ऑक्सिजन किती उरला ते तिथे लिहिलेले नसते. ते काढायला एक सोपा गुणाकार पुरतो: सिलिंडरची पाण्याची क्षमता (लिटरमध्ये) गुणिले काट्यावरचा दाब (किलो प्रति चौ. सें.मी., पुढे नुसते ‘किलो’).

जम्बो, म्हणजे डी टाइप, साधारण ४६.७ लिटरचा असतो. पूर्ण भरलेला १५० किलोवर असतो, म्हणजे जवळजवळ ७,००० लिटर वायू. बी टाइप छोटा सिलिंडर १० लिटरचा, पूर्ण भरल्यावर १,५०० लिटर. काटा पीएसआयमध्ये असेल तर आकड्याला १४.२ ने भागा, किलो मिळतील. २,००० पीएसआय म्हणजे साधारण १४० किलो.

हा गुणाकार सर्वात जास्त कामी येतो तो पेशंट रेफर करताना. समजा जिल्हा रुग्णालय दोन तासांवर आहे, पेशंटला १० लिटर चालू आहे आणि अँब्युलन्समधल्या बी सिलिंडरचा काटा १०० वर आहे. काटा तसा ‘भरपूर’ दिसतो. हिशेब करा: १० गुणिले १०० म्हणजे १,००० लिटर. त्यातले शेवटचे २० किलो राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला ८००. मिनिटाला १० लिटरने हे ८० मिनिटे पुरेल. रस्ता १२० मिनिटांचा आहे. वाटेत घाट, ट्रॅफिक, टोलनाका वेगळेच. म्हणून रस्त्याच्या अंदाजाच्या किमान दीडपट ते दुप्पट वेळ पुरेल एवढा ऑक्सिजन बरोबर द्या आणि दुसरा सिलिंडर गाडीत चढवल्याशिवाय पेशंट हलवू नका. गाडी निघण्याआधी हा हिशेब रेफर चिठ्ठीवर लिहा. ड्रायव्हरदादांनाही सांगा, म्हणजे कुठे थांबायचे नाही ते त्यांना कळते.

नवा सिलिंडर लावताना:
- ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, खांदा पांढरा. पण रंगावर विसंबू नका, लेबल वाचा. रंग उडालेले, पुन्हा रंगवलेले सिलिंडर फिरत असतात.
- रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करा, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाते. तोंड माणसांकडे नको.
- हाताला तेल, व्हॅसलिन, क्रीम नको. सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण वाळू द्या. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेट घेऊ शकतात. जाम झालेल्या व्हॉल्व्हला तेल सोडणारे हात वेळीच थांबवा.
- व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि काट्यासमोर तोंड न ठेवता बाजूला उभे राहा.
- सिलिंडर साखळीने बांधा. पडलेल्या जम्बोचा व्हॉल्व्ह तुटला तर तो आवरत नाही.
- भरलेले आणि रिकामे वेगळे ठेवा आणि वर पाटी लावा. रात्री घाईत रिकामा सिलिंडर लावला जातो तो याच गोंधळामुळे.

३. फ्लोमीटर कसा वाचायचा

इथे थोडे थांबते, कारण सगळे मोजमाप या काचेच्या नळीत होते आणि सर्वाधिक चुका इथेच होतात.

नळी सरळ उभी हवी. तिरकी असेल तर गोळी कडेला घासते आणि आकडा खोटा दिसतो. डोळे गोळीच्या पातळीवर आणा, वरून वाकून बघू नका. गोळी असेल तर तिचा मध्य ज्या रेषेवर, तो आकडा. काही मीटरमध्ये गोळीऐवजी भोवरा असतो, त्याची वरची कड वाचायची.

आता ड्यूटीवर आल्यावर प्रत्येक चालू मीटरची ही तपासणी करा. नॉब पूर्ण बंद केल्यावर गोळी तळाला टेकली पाहिजे. तरंगत राहिली तर व्हॉल्व्ह गळतो. नंतर फ्लो ५ वर ठेवा, मास्ककडे जाणारी नळी बोटांनी घट्ट दाबून धरा. काही सेकंदांत गोळी खाली यायला हवी आणि ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओला करणाऱ्या पाण्याच्या) बाटलीचा सुरक्षा व्हॉल्व्ह शिट्टीसारखा वाजायला हवा. नळी दाबलेली असूनही गोळी वरच राहिली आणि शिट्टी वाजली नाही, तर ऑक्सिजन मधेच कुठेतरी निसटतो आहे. बहुतेक वेळा बाटलीचे झाकण आटे चुकवून बसवलेले असते किंवा आतला वॉशर गेलेला असतो. झाकण काढून नीट बसवा, पुन्हा बघा. मीटरवर ५ दिसत असतात आणि पेशंटला दोन-तीनच मिळत असतात, ते अशाने. पेशंटची नळी आहे हे विसरू नका. ही तपासणी काही सेकंदांत उरका, आणि पेशंट फार आजारी असेल तर आधी मीटर बदला आणि काढलेला मीटर बाजूला नेऊन तपासा.

नवख्यांना हमखास चकवणाऱ्या गोष्टी:

*‘बुडबुडे येतात म्हणजे ठीक आहे.’* बुडबुड्यांवरून वायू जातोय एवढेच कळते, किती जातोय ते नाही.

*गोळी १५ च्या वर गेली आहे.* याला १५ समजू नका. मीटरची रेषा १५ ला संपते, नॉब मात्र पुढेही उघडतो. पूर्ण उघडलेल्या मीटरमधून मिनिटाला १५ च्या कितीतरी पट ऑक्सिजन जाऊ शकतो. गोळी वर चिकटलेली दिसली की नॉब मागे घेऊन ती रेषेवर आणा. रात्री घाबरून नॉब पूर्ण उघडला जातो आणि सकाळपर्यंत तसाच राहतो. साठा अचानक का उतरला याचा शोध घेताना मी सर्वात आधी हे बघते.

*एका मीटरला टी लावून दोन पेशंट.* करू नका. कोणाला किती मिळतो ते कळायला मार्ग नाही.

*बाटलीत नळाचे पाणी.* निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड पाणीच, खुणेपर्यंत, आणि रोज बदलायचे. जुन्यातच वरून ओतायचे नाही. चार लिटरपर्यंत प्रॉन्ग्जवर (नाकात बसणाऱ्या दोन टोकांच्या नळीवर) असलेल्या बहुतेक प्रौढांना ओलाव्याची गरजही नसते.

४. पेशंटची गरज मोजा

सॅच्युरेशनचा आकडा लिहिण्याआधी तो खरा आहे का ते बघा. ऑक्सिमीटरवरची नाडी आणि तुम्ही मनगटावर मोजलेली नाडी जुळत नसेल तर तो आकडा सोडून द्या. बोट थंड, नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी, बीपी खूप कमी, त्याच हाताला बीपीचा पट्टा आवळलेला, पेशंट थरथरतोय, अशा वेळी आकडा भरवशाचा नसतो. थंडीत पहाटेच्या राउंडला आजोबांचे सॅच्युरेशन ८४ दिसते, घाईने मास्क लावला जातो. तेच बोट दोन मिनिटे हातात धरून उबदार केले, ऑक्सिमीटर दुसऱ्या बोटाला लावला की ९३ येते. अर्थात पेशंटला धाप लागली असेल, ओठ निळसर असतील, गुंगी असेल तर बोट गरम करत बसायचे नाही. आधी ऑक्सिजन, मग खात्री.

गडद त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो. आणि धुरात सापडलेल्या पेशंटमध्ये, म्हणजे बंद खोलीतली शेगडी किंवा आग, तो साफ फसवतो. रक्तात कार्बन मोनॉक्साइड असताना आकडा ९८ दिसतो आणि पेशंट गंभीर असतो. तिथे आकडा न बघता पूर्ण ऑक्सिजन द्यायचा.

बहुतेक प्रौढांसाठी लक्ष्य ९२ ते ९६ टक्के ठेवतात. जुना दमा-सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) असलेल्या, कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या पेशंटसाठी ८८ ते ९२. गरोदर बाईंसाठी लक्ष्य वरचे असते आणि कमी दिवसांच्या बाळांसाठी वरची मर्यादा फार महत्त्वाची असते. बाळाला जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊन दृष्टी जाऊ शकते, म्हणून एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) तिथल्या प्रोटोकॉलप्रमाणेच वागा आणि ब्लेंडरला (हवा आणि ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राला) परस्पर हात लावू नका.

ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन १०० दिसले की नातेवाईक खूश होतात, आपणही होतो. पण १०० चा अर्थ बहुधा एवढाच की फ्लो कमी करून बघायला जागा आहे.

५. ऑर्डर पूर्ण घ्या, साधन बरोबर निवडा

केसपेपरवर नुसते ‘ओ-टू द्या’ लिहिलेले असेल तर विचारा: ‘मॅडम, कोणत्या साधनाने, किती लिटर, आणि सॅच्युरेशन किती ठेवायचे?’ या तीन गोष्टींशिवाय ऑर्डर अर्धवट आहे. विचारताना संकोच नको. पॅरासिटामॉलची मात्रा लिहिली नसती तर आपण विचारलेच असते.

साधनांचे आकडे:
- नेझल प्रॉन्ग्ज: १ ते ५ लिटर. यापुढे वाढवून ऑक्सिजन फारसा वाढत नाही, नाक मात्र कोरडे पडून रक्त येते.
- साधा फेस मास्क: ५ ते १० लिटर. पाचच्या खाली ठेवू नका, सोडलेलाच श्वास पेशंट परत घेतो.
- व्हेंचुरी मास्क: ठरावीक टक्केवारी हवी असेल तेव्हा, विशेषतः सीओपीडीत. प्रत्येक रंगीत तुकड्यावर टक्केवारी आणि त्याला लागणारा फ्लो छापलेला असतो. कंपनीनुसार रंग बदलू शकतात, म्हणून छापलेले वाचा.
- पिशवीचा मास्क, म्हणजे एनआरबीएम: १० ते १५ लिटर. लावण्याआधी पिशवी भरून घ्या. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर फ्लो कमी पडतोय. हा मास्क ५ लिटरवर चालवून ‘बचत’ करणे म्हणजे पेशंटचा श्वास कोंडणे.
- एचएफएनसी, म्हणजे नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारे यंत्र: मिनिटाला ६० लिटरपर्यंत. सर्वात जास्त खाणारे साधन हेच, म्हणून ते लावताना साठा बघूनच निर्णय होतो.

शेवटचा मुद्दा स्पष्टच सांगते. बचत म्हणजे पेशंटला लक्ष्यापेक्षा कमी देणे नव्हे. ज्याला १५ लागतात त्याला १५ च द्यायचे. वाचवायचे ते गादीवर, उशीवर आणि रिकाम्या बेडजवळ वाया जाणारे.

६. राउंडला कुठे बघायचे

जेवणाच्या वेळी एक फेरी मारा, सगळे कळते. पेशंट जेवतोय, मास्क कपाळावर किंवा उशीवर, आणि १० लिटर चालूच. जेवताना मास्क काढावाच लागतो, पण तेवढ्या वेळापुरत्या प्रॉन्ग्ज लावा, मास्कचा फ्लो बंद करा, सॅच्युरेशनवर लक्ष ठेवा आणि जेवण झाले की मास्क परत लावा. नातेवाईकांना आणि मावशींना सांगून ठेवा: बाथरूमला, एक्स-रेला जाताना सिस्टरना हाक मारा, नॉबला स्वतः हात लावू नका. नातेवाईक फ्लो वाढवतात ते काळजीपोटीच. त्यांना ओरडण्यापेक्षा आकडा दाखवून समजावले तर ते आपले काम हलके करतात.

मास्क नाकावर घट्ट बसला आहे का, प्रॉन्ग्ज नाकातच आहेत का, नळी गादीखाली दबली नाही ना, हे बघा. पेशंट शुद्धीत असेल, डॉक्टरांनी सांगितले असेल तर पालथे झोपवून बघतात. करोनाच्या काळात अनेकांचे सॅच्युरेशन त्याने वाढले.

लक्ष्यापेक्षा आकडा वर असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे फ्लो एक-दोन लिटरने उतरवा, पाच-दहा मिनिटे थांबा, पुन्हा मोजा, लिहा. तासाभराने परत बघा. उतरला तर वाढवायला मागे-पुढे बघू नका. डिस्चार्ज झाला, पेशंट हलवला किंवा दगावला, की त्याच क्षणी नॉब बंद. रिकाम्या बेडचा चालू मीटर ही वॉर्डातली सर्वात मुकाट नासाडी आहे.

७. रोजचा जमाखर्च जुळवा

आतापर्यंतचे सगळे मोजमाप इथे एकत्र येते. सकाळी ठरलेल्या वेळी वॉर्डात किती जातोय ते बेरीज करून काढा आणि साठ्यातून किती गेला त्याच्याशी ताडून बघा.

उदाहरण घेऊ. पाच पेशंट प्रॉन्ग्जवर, प्रत्येकी ३ लिटर: १५. चार साध्या मास्कवर, प्रत्येकी ६: २४. दोघे एनआरबीएमवर, प्रत्येकी १२: २४. एक एचएफएनसीवर, फ्लो ५० आणि ऑक्सिजन ६० टक्के. इथे पन्नासच्या पन्नास लिटर ऑक्सिजन नसतो, बाकीची हवा असते. टक्केवारीतून २१ वजा करा, ७९ ने भागा, फ्लोने गुणा: ३९ भागिले ७९ गुणिले ५० म्हणजे साधारण २५. एकूण ८८ लिटर प्रति मिनिट.

८८ गुणिले ६० म्हणजे तासाला ५,२८०. दिवसाला सुमारे १,२६,७०० लिटर. भागिले ७,००० केले की १८ जम्बो. सिलिंडर शून्यापर्यंत उतरत नाहीत, म्हणून एखाद-दोन जास्त धरा: १९ ते २०.

आता आवक-जावक वही उघडा. २० बदलले असतील तर हिशेब बसला. २६ बदलले असतील तर सहा सिलिंडर, म्हणजे ४२,००० लिटर, पेशंटपर्यंत पोचलेच नाहीत. मिनिटाला २९ लिटर. दोन गंभीर पेशंटना पुरेल एवढा ऑक्सिजन कुठेतरी हवेत जातोय.

एकाच वेळेच्या बेरजेत चूक होऊ शकते, कारण फ्लो दिवसभर बदलतो. म्हणून दर पाळीला एकदा बेरीज करा आणि तिन्हींची सरासरी घ्या. टाकी असेल तर रोज त्याच वेळी पातळी लिहा. एक टन द्रवाचा वायू साधारण ७५० घनमीटर, म्हणजे शंभराहून थोडे जास्त जम्बो. मोठ्या नियोजनासाठी २०२१ मध्ये केंद्राने आयसीयूच्या पेशंटला मिनिटाला २४ लिटर आणि इतरांना १० लिटर हा ढोबळ आकडा धरला होता. मागणी नोंदवायला तो चालतो, गळती शोधायला नाही. त्यासाठी बेडजवळची बेरीजच हवी.

आणि एक कळकळीची विनंती: रजिस्टर ड्यूटीच्या शेवटी एका बैठकीत भरू नका. सगळ्या तासांना सारखाच दाब लिहिलेले पान मी पाहिले की त्यावरचा एकही आकडा धरत नाही.

८. गळती शोधा

जमाखर्च जुळला नाही तर रात्री उशिरा, वॉर्ड शांत असताना, एकेका आउटलेटपाशी कान देऊन उभे राहा. बारीक फुसफुस ऐकू येते. संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत: भिंतीच्या आउटलेटमध्ये मीटरचा प्रोब बसतो ती रबरी रिंग, बाटलीचे झाकण, मॅनिफोल्डच्या वेटोळ्या नळ्या, सिलिंडर आणि रेग्युलेटरमधला वॉशर. वर सांगितलेले द्रावण तिथे लावा, फुगे धरले तर गळती आहे. नंतर पुसून काढा. टेफ्लॉन टेप गुंडाळून, चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका. वॉशर बदलला की काम होते, आणि वॉशर काही रुपयांचा असतो. म्हणूनच वर सामानाच्या यादीत तो घातला आहे.

पाइपलाइनच्या आतली गळती तुम्ही शोधायची नाही. झोन व्हॉल्व्ह बंद करून दाब उतरतो का बघायची चाचणी इंजिनिअर करतात, आणि तीही त्या भागात एकही पेशंट ऑक्सिजनवर नसताना.

९. आगीची काळजी

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जिथे तो साठतो तिथे चादर, केस, गाऊन भराभर पेटतात. उशीवर ठेवलेल्या चालू मास्कखाली कापड ऑक्सिजनने भिजत राहते, हे नासाडीहून मोठे कारण आहे तो बंद करण्याचे. बेडजवळ उदबत्ती, कापूर, दिवा, विडी नाही. मोबाइलचा चार्जर उशीशी नाही. शॉक देताना मास्क बाजूला, दूर. आग लागलीच तर झोन व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा हे प्रत्येक पाळीला नावानिशी ठरलेले हवे, कारण तो बंद होण्याआधी त्या भागातल्या पेशंटना सिलिंडरवर घ्यावे लागते.

१०. दाब उतरला तर

अलार्म वाजला की आधी तो बंद करायला धावू नका. क्रम असा:

१. पेशंटकडे बघा. व्हेंटिलेटर, एचएफएनसी आणि एनआरबीएमवरच्यांना सर्वात आधी बेडजवळच्या सिलिंडरवर घ्या. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) उशाशी असलीच पाहिजे.
२. दुसऱ्याला मॅनिफोल्डकडे पळवा, राखीव रांग लागली का बघायला. हाताने लावायची असेल तर चावी तिथेच टांगलेली हवी, ऑफिसच्या कपाटात नको.
३. तिसरा फोन करेल: इंजिनिअर, अधीक्षक, पुरवठादार, याच क्रमाने.
४. ज्यांचे सॅच्युरेशन लक्ष्याच्या वर आहे त्यांचा फ्लो डॉक्टरांच्या सांगण्यावरून उतरवा.
५. सिलिंडरचे काटे वाचून मिनिटे काढा आणि फळ्यावर लिहा. ‘थोडा आहे’ असे सांगू नका, ‘बेड चारला ५० मिनिटे’ असे सांगा. रेफर करायचे की थांबायचे हे त्यावर ठरते.

हे सगळे कागदावर सोपे वाटते. महिन्यातून एकदा, दिवसा, वॉर्ड हलका असताना तालीम घ्या. लाइन खरोखर बंद करायची नाही, फक्त ‘दाब गेला’ असे जाहीर करून कोण कुठे जातो ते बघायचे. राखीव सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने उघडतो का, चावी बसते का, बी सिलिंडरचा काटा किती दाखवतो, हे त्याच वेळी तपासा आणि तारीख घालून सिलिंडरच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर सही करा. चिठ्ठीवर महिन्यापूर्वीची सही असेल तर तो सिलिंडर रिकामा समजून पुन्हा तपासा.